पोच आल्यावाचून

ज्या संस्थेचा सारा व्यवहार लोकांच्या विश्वासावर उभा असतो, तिने ‘आपली रक्कम जमा झाली’ असे एकदा सांगितल्यानंतर, मग पुढे यंत्रात बिघाड होवो की इमारतीत पाणी शिरो, ते शब्द मागे घेण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे की ती पुरी करण्यासाठी पडद्याआड केवढा बंदोबस्त ठेवावा लागतो याचा विचार खातेदाराच्या मनाला शिवत नाही, आणि शिवण्याचे कारणही नाही. तो विचार करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले असते त्यांच्यापैकी मी एक आहे. डेटाबेस सांभाळण्यात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला. आणि प्रायमरी व स्टँडबाय या दोन सर्व्हरांमध्ये सिंक्रोनस रेप्लिकेशन बसवणे म्हणजे कॉन्फिगरेशनच्या फाइलीत दोन ओळी लिहिणे, असा जो समज आपल्या क्षेत्रात रूढ आहे, तो किती अपुरा आहे हे एका सहकारी वित्तसंस्थेत, जिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, मला फार निकटून पाहावयास मिळाले. जे तेथे पाहिले आणि त्यावरून पुढे जी पथ्ये पाळली, ती हे काम नव्याने अंगावर घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावीत, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

त्या संस्थेचा डेटाबेस पोस्टग्रेस होता. बर्कले येथील विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली ज्या प्रकल्पाचा आरंभ झाला, त्याचाच हा आजचा वंशज. त्याची लेखनपद्धती आपल्या पेढ्यांवरील जुन्या हिशेबनिसांना तत्काळ उमगली असती, कारण ती रोजकीर्द आणि खतावणीचीच पद्धती आहे. कोणताही बदल प्रथम वॉल नावाच्या नोंदवहीत, घडला त्या क्रमाने उतरवला जातो, ती नोंद डिस्कवर पक्की होते, आणि खतावणीची म्हणजे मुख्य डेटा फाइलींची पाने त्यानंतर सवडीने भरली जातात. मध्येच वीज गेली तर रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा लावून घेता येते. ही रोजकीर्द सामान्यतः १६ एमबीच्या तुकड्यांत साठवली जाते. तिचा प्रवाह दुसऱ्या सर्व्हरकडे अखंड पाठवावा आणि त्याने आपल्याकडील खतावणी तिच्यावरून भरत राहावी, ही सोय पोस्टग्रेसच्या ९.० या आवृत्तीत २०१० साली आली. आणि पलीकडची पोच आल्यावाचून कमिट झाल्याचे ग्राहकाला सांगावयाचे नाही, हा अधिक कडक शिरस्ता सायमन रिग्ज आणि फुजी मासाओ यांच्या परिश्रमाने पुढच्याच वर्षी, ९.१ या आवृत्तीत दाखल झाला.

आमच्या संस्थेत आरंभी पोचेची वाट न पाहणारी, म्हणजे असिंक्रोनस पद्धत होती, आणि ती दीर्घकाळ निर्वेध चालली. एके दिवशी भर दुपारी, शाखांतून गर्दी असताना, प्रायमरीच्या डिस्कांचा कंट्रोलर निकामी झाला. स्टँडबायला बढती देऊन काम पूर्ववत सुरू झाले, व सर्वांनी समाधानाचा निःश्वास सोडला. परंतु सायंकाळी रोकडीचा ताळा घेऊ लागताच काही शाखांत रोख अधिक आणि नोंदी उण्या असा प्रकार आढळला. बिघाडाच्या अगदी आधीच्या क्षणांत जे भरणे झाले होते, त्यांच्या पावत्या छापून खातेदारांच्या हाती गेल्या होत्या, पण त्या नोंदी प्रवाहातून पलीकडे पोहोचण्यापूर्वीच प्रायमरी बंद पडला होता. स्थळप्रतींवरून रुजुवात घालून त्या पुन्हा भरल्या गेल्या, कोणाचे नुकसान झाले नाही. तथापि संचालक मंडळाने यापुढे एकही नोंद गहाळ होता कामा नये असा ठराव केला, आणि तो सर्वथा योग्य होता.

त्या ठरावाची अंमलबजावणी मात्र अशी झाली की दूरच्या शहरातील जो एकुलता एक स्टँडबाय होता, त्याचेच नाव सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स या कलमात घालण्यात आले. पोच देणारा हा स्टँडबायच हजर नसेल तर काय, हा प्रश्न कोणत्याही कागदावर लिहिला गेला नव्हता. पुढे महिनाअखेरीच्या रात्री, पॅच टाकण्यासाठी म्हणून तो स्टँडबाय रीतसर बंद करण्यात आला, आणि रीस्टार्ट करताना काही केल्या उठेना. सकाळी शाखा उघडल्या. शिल्लक दिसत होती, उतारे निघत होते, कारण नुसत्या वाचनाला पोच लागत नाही. परंतु जी जी नोंद करावी ती ती पडद्यावर अडकून राहू लागली, आणि प्रायमरी सर्व्हर स्वतः धडधाकट असताना, त्याच्या डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांपैकी कशावरही ताण नसताना, संस्थेचा कारभार तहकूब झाला.

आत काय चालले होते ते सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. सिंक्रोनस पद्धतीत कमिटची नोंद प्रायमरीच्या स्वतःच्या डिस्कवर आधी पक्की होते. त्यानंतर ते ट्रान्झॅक्शन पलीकडच्या पोचेसाठी थांबते, आणि थांबलेले असताना त्याने धरलेली सर्व लॉक तशीच राहतात, व त्याने केलेला बदल इतरांना दिसतही नाही. ही वाट पाहण्याला मुदत नाही. शाखेच्या रोख खात्याची एक ओळ एका अडकलेल्या ट्रान्झॅक्शनने धरून ठेवली की त्या ओळीची गरज असलेले दुसरे तिच्यामागे उभे राहते, त्याच्यामागे तिसरे, आणि पाहता पाहता कनेक्शनांची मर्यादा, जी मूळ मांडणीत अवघी १०० असते, ती संपून जाते.

त्या गोंधळात अडकलेली कनेक्शने तोडून टाकण्याचा उपाय केला गेला, आणि खरा घोटाळा तेथून सुरू झाला. अशा वेळी पोस्टग्रेस आपल्या लॉगमध्ये स्पष्ट इशारा नोंदवतो की ट्रान्झॅक्शन या सर्व्हरवर कमिट झालेलेच आहे, फक्त ते स्टँडबायपर्यंत पोहोचले नसावे. म्हणजे कनेक्शन तोडल्याने नोंद रद्द होत नाही. प्रतीक्षा तेवढी संपते आणि नोंद दृश्यमान होते. प्रायमरी रीस्टार्ट केला तरी तेच घडते, कारण उठताना तो आपली रोजकीर्द वाचतो आणि तीत ते कमिट लिहिलेले असते. परंतु शाखेतील पडद्यामागच्या आज्ञावलीला दिसले ते एवढेच की कनेक्शन तुटले; तिने ‘व्यवहार अयशस्वी’ असा संदेश दिला, आणि कर्तव्यदक्ष लिपिकांनी तेच भरणे पुन्हा केले. पहिल्या प्रसंगी नोंदी उण्या निघाल्या होत्या. या वेळी त्या दुप्पट निघाल्या.

यावरून पहिले पथ्य असे, आणि ते डेटाबेस सांभाळणाऱ्याइतकेच आज्ञावली लिहिणाऱ्यानेही पाळावयाचे आहे, की ‘उत्तर आले नाही’ याचा अर्थ ‘झाले नाही’ असा कदापि करू नये. प्रत्येक आर्थिक व्यवहाराला काउंटरवरच एकमेव संदर्भ क्रमांक द्यावा, त्या क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घालावे, आणि उत्तर हरवल्यास तोच क्रमांक घेऊन पुन्हा विचारणा करावी, म्हणजे नोंद आधीच झालेली असेल तर दुसरी आपोआप नाकारली जाईल. रेप्लिकेशनची मांडणी कितीही सुरेख असली तरी हे बंधन नसेल तर अशा घोटाळ्यापासून सुटका नाही, हे माझे निश्चित मत आहे.

पोच येत नसेल तर काही सेकंदांनी प्रतीक्षा सोडून पुढे जाण्याची मुभा पोस्टग्रेसने का ठेवली नाही, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांनी रागाने विचारला. मायएसक्यूएलच्या सेमी-सिंक्रोनस पद्धतीत तशी मुभा आहे. तेथे सामान्यतः १० सेकंद वाट पाहून प्रायमरी असिंक्रोनस रीतीवर येतो आणि काम चालू ठेवतो. ओरॅकलच्या डेटा गार्डमध्ये दोन्ही टोके उपलब्ध आहेत: कमाल उपलब्धतेच्या रीतीत स्टँडबाय नसताना प्रायमरी एकटाच पुढे चालतो, आणि कमाल संरक्षणाच्या रीतीत तो नोंद गमावण्यापेक्षा स्वतः बंद पडणे पत्करतो. या सर्वांचा विचार करून मला पोस्टग्रेसचा हट्ट अधिक प्रामाणिक वाटतो. आपोआप ढिली होणारी हमी ही नेमकी त्याच घटकेला ढिली होते ज्या घटकेसाठी ती घेतलेली असते, कारण नेटवर्क डळमळू लागणे हे पुष्कळदा मोठ्या बिघाडाचे पूर्वचिन्ह असते. आणि ती ढिली झाल्याचे कोणाला कळेलच असे नाही. मात्र असा हट्ट स्वीकारावयाचा तर त्याची पूर्ण तयारी ठेवावी लागते, आणि एकाच स्टँडबायवर तो स्वीकारणे म्हणजे दोन यंत्रांपैकी कोणतेही एक बंद पडले तरी कारभार थांबेल अशी व्यवस्था स्वतःच्या हाताने करणे होय.

म्हणून सिंक्रोनस पद्धत बसवावयाची तर किमान दोन स्टँडबाय हवेत, आणि पोच मात्र दोहोंपैकी एकाची पुरेशी ठरवावी. हे दोन प्रकारे लिहिता येते. ‘फर्स्ट १’ असे लिहून कंसात दोन नावे दिली तर पहिल्या नावाला अग्रक्रम मिळतो, दुसरा राखीव राहतो, आणि पहिला गेल्याचे प्रायमरीला उमगल्यावर दुसरा त्याची जागा घेतो. ‘एनी १’ असे लिहिले तर दोघांपैकी ज्याची पोच आधी येईल ती चालते. ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो, परंतु ‘गेल्याचे उमगल्यावर’ या अटीत बरेच काही दडलेले आहे. स्टँडबाय रीतसर बंद केला तर प्रायमरीला ते लगेच कळते. पण मधली केबलच तुटली, किंवा यंत्र जागच्या जागी गोठले, तर वॉल_सेंडर_टाइमआउटची मुदत, जी मुळात ६० सेकंद असते, ती संपेपर्यंत तो त्या मृत स्टँडबायचीच वाट पाहत राहतो आणि तेवढा वेळ सारे कमिट खोळंबतात. ‘एनी’ लिहिल्यास दुसऱ्याची पोच येऊन काम चालू राहते.

मात्र ‘एनी’च्या या सोयीची किंमत फेलओव्हरच्या वेळी चुकती करावी लागते, आणि ती ठाऊक नसलेले लोक मी पाहिले आहेत. पोच दोहोंपैकी कोणाचीही चालत असल्यामुळे प्रायमरी गेल्यावर शेवटच्या नोंदी कोणाजवळ आहेत हे आधीपासून निश्चित नसते. तेव्हा बढती देण्यापूर्वी दोन्ही स्टँडबायवर पीजी_लास्ट_वॉल_रिसीव्ह_एलएसएन या फंक्शनने रोजकीर्द कोठवर आली आहे ते पाहावे, आणि जो पुढे असेल त्यालाच बढती द्यावी. घाईत मागे असलेल्याला बढती दिली तर ग्राहकाला दिलेले शब्द मागे घेण्याची तीच पाळी येते, जी टाळण्यासाठी हा सारा खटाटोप केला. पेट्रोनीसारखे साधन फेलओव्हर स्वयंचलित करते तेव्हा हा विचार त्याच्यावर सोपवता येतो. हाताने करणाऱ्याने तो स्वतः लक्षात ठेवला पाहिजे.

स्टँडबाय कोठे ठेवावा हा प्रश्न अंतराचा आहे, आणि अंतराशी तडजोड करता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर केबलला जाण्यायेण्याचा निव्वळ एक मिलिसेकंद. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये हा काळ थोडक्यात निभावतो. मुंबई आणि चेन्नई यांच्यामध्ये सरळ रेषेतच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, केबल त्याहून लांबची वाट घेते, आणि मधल्या उपकरणांचा विलंब मिळवला की २० ते ३० मिलिसेकंद लागणे स्वाभाविक आहे. एका व्यवहाराला २५ मिलिसेकंद काहीच नव्हेत, असे वाटेल. पण लॉक प्रतीक्षाकाळभर धरलेली राहतात हे मागे सांगितलेच आहे, आणि त्याचा हिशेब येथे लागतो. ज्या एका ओळीवर प्रत्येक भरण्याची बेरीज होते, उदाहरणार्थ शाखेचे रोख खाते, त्या ओळीवर सेकंदाला ४० हून अधिक कमिट होणे अशक्य ठरते, मग सर्व्हर कितीही बलाढ्य घ्या. निरनिराळ्या ओळींवरील व्यवहार एकाच वेळी पोचेची वाट पाहू शकतात, त्यांना याची झळ फारशी लागत नाही. एकाच ओळीवरचे मात्र एकामागून एकच जाणार. महिनाअखेरीचे व्याज चढवण्याचे काम रात्रभर का पुरेनासे झाले, याचे उत्तर आम्हांला अखेर या भागाकारात सापडले. सर्वांची बेरीज एका ओळीत ठेवण्याची ती रचना मोडून, नोंदी स्वतंत्र ओळींत लिहून बेरीज नंतर करण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा काम वेळेत बसले.

पण म्हणून सारे स्टँडबाय एकाच इमारतीत ठेवावेत असे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि वीज, दूरध्वनी, रस्ते यांची एकदमच काय अवस्था होऊ शकते हे मुंबईने त्या दिवशी अनुभवले. शेअर बाजार आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी सेबीने जी तजवीज अनिवार्य केली आहे ती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे: शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रातील दूरची डीआर साइट निराळी, आणि एकही नोंद गमावू नये यासाठीची नजीकची साइट निराळी. लहान संस्थांनीही प्रमाण लहान करून हाच आराखडा घ्यावा असे मी सांगतो. जवळच्या अंतरावर, परंतु वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या वीजपुरवठ्यावर दोन सिंक्रोनस स्टँडबाय. आणि दूर शहरात एक असिंक्रोनस, जो काही क्षण मागे असला तरी चालेल.

प्रत्येक नोंदीला सारखीच कडक हमी लागते असेही नाही, आणि पोस्टग्रेसचा एक मोठा गुण हा की हमीची पातळी प्रत्येक ट्रान्झॅक्शनपुरती ठरवता येते. सिंक्रोनस_कमिट हे कलम ‘ऑन’ असेल तर पलीकडील डिस्कवर नोंद पक्की होईपर्यंत थांबावयाचे; ‘रिमोट_राइट’ असेल तर ती पलीकडील ऑपरेटिंग सिस्टमच्या हवाली होईपर्यंतच; ‘रिमोट_अप्लाय’ असेल तर ती पलीकडील खतावणीत चढून वाचणाऱ्याला दिसू लागेपर्यंत; ‘लोकल’ असेल तर केवळ आपल्या डिस्कपुरते; आणि ‘ऑफ’ असेल तर तेवढेही नाही. पैशाच्या नोंदी ‘ऑन’वर ठेवाव्यात, कोणी केव्हा लॉगिन केले, कोणता एसएमएस गेला, असल्या नोंदींना ‘लोकल’ पुरे. ‘रिमोट_अप्लाय’ सहसा घेऊ नये. स्टँडबायवर कोणी लांबलचक अहवालाची क्वेरी लावली आणि ती येणाऱ्या बदलांच्या आड आली, तर ते बदल सामान्यतः ३० सेकंदांपर्यंत अडवून धरले जातात, आणि ‘रिमोट_अप्लाय’ असल्यास तेवढा वेळ काउंटरवरचा खातेदार उभा राहतो. आणखी एक फसवी गोष्ट: हे कलम मूळचेच ‘ऑन’ असते, त्यामुळे फाइल उघडून ते पाहणारा निश्चिंत होतो, परंतु नावांची यादी रिकामी असेल तर त्या ‘ऑन’चा अर्थ आपल्या स्वतःच्या डिस्कपलीकडे जात नाही.

मांडणी करताना क्रम पाळावा. प्रथम स्टँडबाय असिंक्रोनस म्हणूनच उभे करावेत, ते मागील सर्व नोंदी घेऊन प्रायमरीच्या बरोबरीला येऊ द्यावेत, पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये त्यांची स्थिती ‘स्ट्रीमिंग’ दिसू लागली की मगच त्यांची नावे यादीत घालावीत आणि कॉन्फिगरेशन रिलोड करावे. त्यासाठी रीस्टार्टची गरज नाही. यादीतले नाव आणि स्टँडबायच्या प्रायमरी_कॉनइन्फोमधील ॲप्लिकेशन_नेम ही दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत, कारण एका अक्षराचा फरक पडला तरी स्टँडबाय समोर चालू असून असिंक्रोनस गणला जातो, आणि प्रायमरी अस्तित्वातच नसलेल्या नावाची वाट पाहत बसतो. नावांऐवजी तारांकन घालून मोकळे होण्याचा मोह आवरावा. त्यायोगे कोणी सहज चाचणीसाठी उभारलेली प्रतसुद्धा पोच देण्यास पात्र ठरते, आणि संस्थेची हमी कोणाच्या तरी टेबलाखालच्या यंत्रावर जाऊन बसते. प्रत्येक स्टँडबायवरही ही यादी तो उद्या प्रायमरी झाल्यास जशी हवी तशी आजच लिहून ठेवावी. बढतीनंतर तो स्वतःच्या फाइलीतील यादी वाचतो, आणि तीत त्याचे स्वतःचेच नाव एकटे असेल तर पहिले कमिटच अडकते.

स्टँडबायची दुरुस्ती करावयाची असेल तेव्हा आधी प्रायमरीच्या यादीतून त्याचे नाव काढावे, रिलोड करावे, आणि नंतर त्याला हात लावावा. तो फार काळ बंद राहणार असेल तर रेप्लिकेशन स्लॉटकडे लक्ष असू द्यावे. स्लॉट त्याच्यासाठी रोजकीर्दीचे तुकडे राखून ठेवतो, आणि तेराव्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली कमाल मर्यादा घातलेली नसेल तर ते साठून प्रायमरीची डिस्क भरून जाते. दोन्ही यंत्रांवरील ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्तीही एकच ठेवावी, आणि हे मी विशेष आग्रहाने सांगतो. लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. एका यंत्रावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी असेल तर खातेदारांच्या नावांवरील इंडेक्स बढतीनंतर चुकीची उत्तरे देऊ लागतो. आणि बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. अटीवाचून चालवलेले डिलीट हे स्टँडबायवर त्याच निष्ठेने, त्याच क्षणी पोहोचते.

जुना प्रायमरी पुन्हा उठतो तेव्हाचा प्रसंग सर्वांत नाजूक असतो. त्याच्या डिस्कवर अशी काही कमिट पक्की झालेली असू शकतात जी कोणत्याच स्टँडबायपर्यंत गेली नव्हती. तो पुन्हा लिहू लागला तर एकाच संस्थेच्या दोन रोजकीर्दी चालू होतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरचा संपर्क उण्यापुऱ्या ४३ सेकंदांसाठी तुटला, तेवढ्यात स्वयंचलित फेलओव्हरने पश्चिम किनाऱ्यावरील मायएसक्यूएल सर्व्हरांना प्रायमरी केले, आणि दोन्ही किनाऱ्यांवर परस्परांना अज्ञात अशा नोंदी राहिल्यामुळे सेवा पूर्णपणे सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. यास्तव बढती देण्यापूर्वी जुना प्रायमरी खरोखर बंद आहे, त्याची वीज अथवा नेटवर्क तोडलेले आहे, याची खातरजमा करावी. आणि त्याला परत घेताना पीजी_रिवाइंडने त्याच्या अधिकच्या नोंदी काढून मगच स्टँडबाय म्हणून जोडावे. पीजी_रिवाइंड चालण्यासाठी डेटा चेकसम अथवा वॉल_लॉग_हिंट्स आधीपासून चालू असावे लागतात. अपघात घडून गेल्यावर ते चालू करून उपयोग नाही.

आता अखेरचा विषय, ज्याचे उत्तर कोणत्याही कॉन्फिगरेशनच्या फाइलीत नाही. सर्वच सिंक्रोनस स्टँडबाय एकदम नाहीसे झाले तर काउंटर उघडे करण्याचा मार्ग एकच: प्रायमरीवरील यादी रिकामी करून रिलोड करणे. ते करताना कोणतेही कनेक्शन तोडावे लागत नाही. अडकलेली कमिट त्याच क्षणी सुटतात आणि आज्ञावलीला ‘झाले’ असेच उत्तर मिळते. ऑल्टर सिस्टम ही आज्ञा स्वतः पोचेची वाट पाहत नाही, आणि कनेक्शनांची मर्यादा भरली असली तरी सुपरयुजरसाठी ३ जागा राखीव असतात, तेव्हा तांत्रिक अडचण काही नाही. परंतु यादी रिकामी करणे म्हणजे ‘या घटकेपासून दिलेल्या पावत्यांची हमी एकाच यंत्रावर आहे’ हे संस्थेने पत्करणे होय, आणि हा निर्णय रात्रपाळीवरील एकट्या तंत्रज्ञाच्या शिरावर टाकणे अन्यायाचे आहे. आमच्याकडे त्या प्रसंगानंतर याचा लेखी हुकूम निघाला. हा निर्णय महाव्यवस्थापकांनी, ते उपलब्ध नसल्यास मुख्य लेखापालांनी दूरध्वनीवरून द्यावयाचा. तंत्रज्ञाने यादी रिकामी केल्याची आणि पुन्हा भरल्याची वेळ नोंदवहीत लिहावयाची. आणि त्या दोन वेळांच्या मधल्या सर्व नोंदींची यादी त्याच दिवशी छापून स्थळप्रतींसह लेखापालांच्या कपाटात ठेवावयाची. त्या हुकुमाची प्रत सर्व्हर रूमच्या दारामागे लावलेली आहे, आणि दर तिमाहीच्या चाचणीत, एका स्टँडबायची केबल कोणतीही पूर्वसूचना न देता काढल्यानंतर, त्यातील दूरध्वनी क्रमांक लागतात की नाही हेही पाहिले जाते.